भोपळ्याला सासू नव्हती

मॅडमनी मला पीएचडीला घेतलं ते मार्क बघून नाही, भोपळा बघून. बेंगळुरूला मुलाखतीला आले तेव्हा त्यांच्या टेबलावर दोन लाल भोपळे मांडून ठेवलेले होते. माझी फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. यातला निबर कुठला, एवढंच विचारलं. मी नागपूरची. आमच्याकडे याला कोहळं म्हणतात आणि ते निवडायला आई मलाच बाजारात पाठवायची. मी दोन्हींच्या सालीला नख लावून बघितलं आणि ज्यात नख रुतलं नाही तो पुढे सरकवला. "सोमवारपासून ये," मॅडम म्हणाल्या. घरी फोन करून हे सांगितलं तर आईला वाटलं, पोरीनं शेवटी होम सायन्सच घेतलं.

भोपळ्याचं कारण असं, की मॅडमचं सगळं संशोधन पिठ्या ढेकणांवर होतं. जास्वंदीच्या फांदीवर पांढरं कापसासारखं काहीतरी चिकटलेलं असतं ना, तेच. माळी ज्याला शिव्या घालतो त्या किड्याला मॅडमनी तीस वर्षं भोपळे खाऊ घालून पोसलं होतं. या किड्याची गंमत अशी, की नर जन्मला की बापाकडून आलेली सगळी गुणसूत्रं त्याच्या पेशीत गुंडाळून बंद करून ठेवली जातात. असतात सगळी, पण काम करत नाहीत. आईकडची तेवढी चालतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या आत एक गडद ठिपका दिसतो, तो म्हणजे गप्प बसवलेला बाप. जीन्स तीच असताना कुठली चालू ठेवायची आणि कुठली बंद, हे कसं ठरतं आणि ते पुढच्या पिढीपर्यंत पोचतं का, या सगळ्या प्रकाराला एपिजेनेटिक्स म्हणतात. मॅडम वर्गात एवढं लांबण लावत नसत. "घरात खोल्या तेवढ्याच. कुलूप कुठल्या खोलीला आहे ते आपण बघायचं," म्हणायच्या आणि फळ्याकडे वळायच्या.

त्या निपाणीकडच्या, लग्न होऊन राजाजीनगरात आलेल्या. मराठी घरातली, कन्नड बाजारातली, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच वाक्यात. तिकडच्या बायकांसारखं स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या. पहिला आठवडाभर मला वाटत होतं, या दुसऱ्या कुणाचं बोलणं सांगताहेत. 'पण'ला त्या 'खरं' म्हणायच्या. विद्यार्थ्यांची नावं मात्र त्यांनी जन्मात घेतली नाहीत. जे तुमचं गाव तेच तुमचं नाव. मी नागपूर. माझ्या शेजारच्या टेबलावर हासन गावची हासन बसायची. एकदा दिल्लीहून कुणी बडे पाहुणे आले, त्यांनाही त्यांनी दिवसभर दिल्ली म्हणूनच हाक मारली. त्यांनी ओ दिली, काय करणार.

भोपळे दर शनिवारी सकाळी त्या स्वतः आणायच्या. हे काम त्या दुसऱ्या कुणाकडे देत नसत. सुरुवातीला मला पिशव्या धरायला नेलं, पण निवडण्यात माझं काही चालत नसे. राजाजीनगरच्या बाजारात चकचकीत, नितळ भोपळा दिसला की त्यांचं तोंड कडू व्हायचं. भाजीवाला बिचारा किडका माल मागे लपवायचा आणि या वाकून नेमका तोच ओढून काढायच्या. जो किडीला चालत नाही त्यावर औषध मारलेलं असतंय, मला तो कशाला, असं त्यांचं म्हणणं. एका भाजीवाल्या अक्कानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की या बाईंच्या घरी दर आठवड्याला लग्न कुणाचं असतं. गंमत म्हणजे मॅडम स्वतः भोपळ्याच्या वाटेला जात नसत. सांबारात फोड दिसली तर ताटाच्या कडेला काढून ठेवायच्या. ज्याच्यावर पोट चालतंय ते पोटात कसं घालायचं, म्हणायच्या.

आमच्या प्रयोगशाळेत एक पद्धत होती, जी मी पुढे जगात कुठेच पाहिली नाही. कुणाचाही प्रयोग संपत आला की मॅडम त्याला सासू नेमायच्या. म्हणजे दुसरा एक विद्यार्थी. त्याचं काम एकच, तुमच्या प्रयोगात खोट काढायची. एक महिना त्याला मोकळीक. तुमच्या वह्या उघडायच्या, तुमच्या काचपट्ट्या परत मोजायच्या, तुमच्या पाठीमागे तुमच्या खोलीचं तापमान बघायचं. सासूला काही सापडलं नाही तर मॅडम सुनेचं नव्हे, सासूचं डोकं खायच्या. आपल्या सासूनं भाकरी उलटून बघितल्याशिवाय कधी ताटात घेतली नाही, आणि विद्यापीठानं शिकवलं नाही ते तिनं शिकवलं, असं त्या मोठ्या अभिमानानं सांगत. कानडी मुलं सासूला अत्ते म्हणायची. नवीन मुलगा आला की आम्ही त्याला विचारायचो, तुझी अत्ते ठरली का. मुलगा लाजायचा.

शिकवायच्या मात्र अशा, की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मोबाइल खिशात ठेवायची. पिठ्या ढेकणाच्या प्रौढ नराला खायला तोंडच नसतंय, दोन-चार दिवस जगतो, संसार करतो आणि मरतो, हे सांगून झाल्यावर त्या वर्गातल्या मुलींकडे बघून नुसत्या भुवया उडवायच्या. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक त्यांनी कधी ज्युनियरकडे सोपवलं नाही. तिथे नियम होता, आधी चित्र, मग नाव. समोर ठेवलेली वस्तू दोन तास बघून काढायची. पुस्तकातलं चित्र आठवून काढलं की मार्क गेले. दिसतंय ते काढा, माहीत आहे ते नको, असं त्या बाकांमधून फिरताना घोकत राहायच्या.

आता माझा प्रयोग. मी ढेकणांची एक वसाहत उबेच्या खोलीत ठेवली, बाहेरच्यापेक्षा बरीच गरम. दुसरी साध्या खोलीत. उबेतल्या नरांमध्ये बापाचा तो गडद ठिपका सैल पडलेला दिसला. इथवर ठीक होतं. मग मी त्यांची पिल्लं साध्या खोलीत आणली, आणि त्यांची पिल्लंही. ऊब गेली, तरी नातवांमध्ये ठिपका सैलच. म्हणजे आजोबांनी सोसलेली गरमी नातवाच्या पेशीत उरली होती. तीन वेळा मोजलं, तीनदा तेच.

मॅडमनी हासनला माझी सासू नेमलं. हासन कसली सोडते. तिनं माझ्या दोनशे काचपट्ट्या परत मोजल्या, थर्मामीटर बदलून बघितले, माझ्या वहीतल्या खाडाखोडीवर माझी उलटतपासणी घेतली. काही सापडलं नाही. पेपर छापून आला, त्यावर आम्हा दोघींचीच नावं, पहिलं माझं आणि दुसरं मॅडमचं. वर्तमानपत्रात बातमी आली. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेनं मला तीन वर्षांची जागा देऊ केली, पीएचडी झाली की या म्हणाले. मी जर्मनचा क्लास लावला आणि बूट घेतले, बर्फात चालायचे.

त्या वर्षी मारतहळ्ळीच्या एका मराठी मंडळानं गणपतीत मॅडमचं व्याख्यान ठेवलं. समोर सगळी आयटीतली पुण्या-मुंबईची मंडळी. व्याख्यान संपल्यावर पहिलाच प्रश्न गर्भसंस्कारांचा. आजोबांची गरमी नातवापर्यंत जाते तर आईनं ऐकलेले श्लोक का जाणार नाहीत, असं एका गृहस्थांनी विचारलं आणि टाळ्याही मिळवल्या. मॅडमनी टाळ्या संपू दिल्या. "हे ढेकणात दिसलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही श्लोक ऐका, चांगले असतात. खरं त्याला माझा पुरावा लावू नका." मी मागे बसून पोट धरून हसले. आपल्या मॅडमचा केवढा अभिमान वाटला होता तेव्हा मला.

यानंतर चारेक महिन्यांनी पहिल्या वर्षाचं ते प्रात्यक्षिक होतं. मॅडमनी आमच्याच वसाहतींतले भोपळे वर्गात नेऊन ठेवले, खिडकीकडच्या टेबलांवर साध्या खोलीतले आणि दाराकडच्या टेबलांवर माझ्या उबेच्या वंशाचे. भोपळा आणि त्यावरचे किडे, दोन्ही काढा. मुलांनी काढलं. संध्याकाळी मॅडम वह्या तपासायला बसल्या. निम्म्या वर्गानं भोपळ्याचा देठ गोल, जाड, बुचासारखा काढला होता. निम्म्यानं पाच कंगोऱ्यांचा, खाली पसरलेला. मॅडमना वाटलं, अर्ध्या कार्ट्यांनी इंटरनेटवरून उतरवलंय. मार्क कापायला पेन उघडलं, आणि मग वह्या टेबलांप्रमाणे लावून बघितल्या. गोल देठवाले सगळे खिडकीकडचे होते. कंगोऱ्यांचे सगळे दाराकडचे.

त्यांनी मला हाक मारली नाही. नुसत्या प्रयोगशाळेत आल्या आणि वह्या माझ्यापुढे ठेवल्या. आम्ही दोघी आतल्या खोलीत जाऊन एकेक देठ बघत गेलो. साध्या खोलीतले भोपळे एका जातीचे, माझे दुसऱ्या जातीचे. एक अन् एक. दोन वर्षं ते माझ्या डोळ्यांपुढे होते आणि मी फक्त किडे बघत होते. ऊब जाऊनही नातवांमध्ये जे उरलं ते गरमीचं होतं की भोपळ्याचं, आता देवालाही सांगता आलं नसतं.

"हे मी केलंय," मॅडम म्हणाल्या. झालं होतं असं, की उबेत भोपळे आठवड्यात सडायचे आणि मी रडकुंडीला यायचे. ते त्यांना बघवेना. त्यांना एक भाजीवाला सापडला, त्याचे भोपळे उबेत महिनाभर टिकत. मग दर शनिवारी त्या त्याच्याकडचे निवडक भोपळे फक्त माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायला लागल्या. माझ्या ढेकणांची पुढची पिढी साध्या खोलीत आली तरी त्यांचा भोपळा तोच राहिला, कारण त्यांच्या लेखी तो 'नागपूरचा', म्हणजे माझा, भोपळा. हासननं सगळं तपासलं, पण भोपळे मॅडमचे. मॅडमच्या भोपळ्याला सासू कोण होणार?

मला राग आला. कुणी म्हणेल मोठ्या मनानं घ्यायचं, पण मला नाही जमलं. पाच वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला. सगळ्यांच्या चुका काढता, मग स्वतः वही का नाही ठेवलीत, असं विचारलं. त्या म्हणाल्या, ठेवायला पाहिजे होती. त्यांनी एकही सबब सांगितली नाही, त्यामुळे मला भांडताही येईना. पेपर मागे घ्यायचा हे मात्र आम्हा दोघींपैकी कुणालाच बोलून दाखवावं लागलं नाही.

पेपर मागे घेण्याचं पत्र छापावं लागतं, त्यात काय चुकलं ते लिहायचं असतं. मॅडमनी मसुदा करून मला पाठवला. भोपळ्यांची चूक त्यांनी सरळ स्वतःकडे घेतली होती. पण शेवटी एक ओळ होती, ही चूक पहिल्या लेखिकेच्या लक्षात आली आणि तिनं ती स्वतःहून कळवली. पहिली लेखिका म्हणजे मी.

ती ओळ मी दोन दिवस तशीच ठेवली. सोवळं कशाला दाखवू, मला ती हवी होती. स्वतःची चूक स्वतः पकडणाऱ्या मुलीला जर्मनीवाले नाही म्हणाले नसते, उलट डोक्यावर घेतलं असतं. हासनला दाखवलं तर ती म्हणाली, राहू दे, यात कुणाचं नुकसान होतंय. तेही खरंच होतं. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आले तर मॅडमच्या टेबलावर त्या साठ वह्या अजून तशाच होत्या. मार्क देऊन झाले होते, सगळ्यांना पैकीच्या पैकी. मी कागद घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले.

"मॅडम, हे मी पकडलेलं नाही."

"मला माहीत आहे की. खरं तुला जायचंय ना ग तिकडं? तू पकडलीस म्हटलं की तुला कुणी बोट लावणार नाही."

"तुम्ही परत माझ्यासाठी वेगळा भोपळा काढून ठेवताय."

एवढं बोलून मीच घाबरले. मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मग "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि ती ओळ स्वतःच्या हातानं खोडली. छापलं गेलं ते असं: भोपळे मार्गदर्शिकेनं निवडले होते, विद्यार्थिनीनं त्यांची नोंद ठेवली नव्हती, आणि फरक बीएस्सी पहिल्या वर्षाच्या वर्गानं काढलेल्या चित्रांवरून दिसून आला, त्या वर्गाचे आभार. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही मॅडमनी स्वतः लिहिलं, की गणपतीत मी सांगितलेलं चुकीचं होतं, भोपळा वेगळा होता. बारा जणांनी हात जोडले, एकानं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

छापलेलं पत्र मी जर्मनीला पाठवलं. आठ दिवसांत उत्तर आलं. तीन ओळी आमच्या प्रामाणिकपणाच्या कौतुकाच्या, चौथी ओळ जागा आता शिल्लक नाही म्हणून. मी रडले, चांगली ढसाढसा रडले. मॅडमनी समजूत वगैरे काही घातली नाही. दुसऱ्या दिवशी आल्या त्या एका जातीचे सोळा भोपळे घेऊन, प्रत्येकाच्या देठावर नंबर. पहिल्यापासून करू म्हणाल्या.

दीड वर्ष लागलं. मध्येच त्या निवृत्त झाल्या, त्यांची खोली दुसऱ्या कुणाला मिळाली. तरी रोज सकाळी बसनं येऊन किड्यांच्या खोलीत स्टुलावर बसायच्या. उबेतले भोपळे सडायचे, वास सुटायचा, आम्ही दर आठवड्याला बदलायचो, आणि आता भोपळे हासन आणायची. शेवटची मोजणी झाली तेव्हा नातवांचा ठिपका साध्या खोलीतल्या नातवांइतकाच घट्ट होता. आजोबांची गरमी नातवापर्यंत पोचत नव्हती. काहीच नव्हतं. त्या दुसऱ्या जातीच्या भोपळ्यात काय आहे, ते अजून कुणाला कळलेलं नाही.

नवा पेपर लिहून मी त्यांच्या राजाजीनगरच्या घरी नेला. त्यांनी सगळा वाचला, दोन जागी दुरुस्त्या केल्या, आणि वर आमची दोघींची नावं होती त्यातलं स्वतःचं खोडलं. मी म्हटलं, तुमच्याशिवाय हे झालं नसतं. "चूक पण झाली नसती," त्या म्हणाल्या. मी वाद घातला. त्यांनी ऐकलं नाही. निवृत्त माणसाला पेपर कशाला, तुझं तू छाप, म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"माझ्यावर राग आहे काय ग अजून?"

मी म्हटलं, "आहे थोडा."

"असू दे," मॅडम म्हणाल्या. "जायचा नाही तो. मलासुद्धा आहे." आणि कॉफी टाकायला आत गेल्या.

त्यामुळे झालं असं, की नवा पेपर माझ्या एकटीच्या नावावर आहे आणि जुना मागे घेतलेला. माझं आणि मॅडमचं नाव शेजारी शेजारी, आणि खालचा मजकूर शब्दन् शब्द खरा, असा छापील कागद जगात एकच आहे. ते पत्र. मी आता बेंगळुरूतच विद्यापीठात शिकवते. या नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा फाइलीत सगळ्यात वर तेच लावून नेलं होतं.